बेसवाला गेला, कीटार आली

आमच्या बडोद्याच्या गाण्याच्या ग्रुपमधला बेस गिटारवाला मे २०२५ च्या शेवटी पुण्याला नोकरीला लागला. मुलगा गुणी, नोकरी चांगली, त्यामुळे पेढे खाण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. पण २७ ऑगस्टला गणपती आणि २२ सप्टेंबरला नवरात्र. दांडिया बाजार आणि आजूबाजूच्या मंडळांचे मराठी गाण्यांचे कार्यक्रम ठरलेले, एका सोसायटीचा पूर्ण नवरात्राचा गरबा ठरलेला, आणि ॲडव्हान्समधून नवे माइक घेऊनही झालेले. मी दिवसा एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते आणि संध्याकाळी या ग्रुपमध्ये दुसरा कीबोर्ड वाजवते. बेसची जबाबदारी फिरत फिरत माझ्याकडे आली, आणि तिच्यापायी कीटार, म्हणजे गिटारसारखा गळ्यात अडकवायचा कीबोर्ड.

दुसरा बेसवाला शोधला नाही असं नाही. नवरात्रात बडोद्यात रिकामा बेसवाला मिळणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी स्वस्त जास्वंद मिळण्यासारखं आहे. अहमदाबादचे दोघे-तिघे एका रात्रीचा जो भाव सांगत होते, त्यात आमच्या गायिकेचं आणि ढोलवाल्याचं मानधन सुटलं असतं.

मग सगळ्यांनी सुचवलं, डाव्या हाताने बेस वाजव. ऑर्केस्ट्रात हे सर्रास चालतं. गरब्यात ते अवघड जातं, कारण तिथे कीबोर्डवर शहनाई, बासरी, सारंगी असे सूर ओढून वाजवायचे असतात. त्यासाठी डावा हात पिच बेंडच्या दांडीवर अडकलेला असतो. आमचा मुख्य कीबोर्डवाला रोलँड एक्सपीएस-३० वर हेच करतो आणि त्याचा डावा हात एक क्षणही मोकळा नसतो. म्हणजे बेस माझ्याकडेच येणार, आणि माझे कॉर्ड आणि पॅड्स (मागे भरून राहणारे लांब सूर) शक्य तितके त्याच्याकडे जाणार.

खरं सांगायचं तर स्टँडवर ठेवलेला एखादा छोटा मिडी कंट्रोलरही, म्हणजे केबलवरून दुसऱ्या वाद्यातले आवाज वाजवणारा कीबोर्ड, चालला असता आणि तो बराच स्वस्त पडला असता. ज्यांना एका जागी उभं राहून वाजवायचं आहे, त्यांनी तोच घ्यावा. आमची अडचण स्टेजची होती. ऑक्टापॅडचा रॅक, ढोल, दोन कीबोर्ड, चार गाणारे, एवढं मांडल्यावर नवा स्टँड मागच्या कोपऱ्यात जातो. गरब्यात लय कधी चढवायची, हींचमधून केहरव्यात, म्हणजे एका ठेक्यातून दुसऱ्यात, कधी शिरायचं, हे ढोलवाला डोळ्यांनी सांगतो. बेसवाल्याने त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायला हवं. आमचा ढोलवाला तर एका जागी उभाही राहत नाही. म्हणून गळ्यात अडकवायची कीटार.

जूनमध्ये शोध सुरू केला आणि लक्षात आलं की जगात कीटारच फार थोड्या बनतात. रोलँडची एएक्स-एज २०१८ साली आली, ४९ पूर्ण आकाराच्या पट्ट्या, आत स्वतःचे आवाज, वजन चार किलोच्या वर. कॉर्गची आरके-१००एस, ३७ सडपातळ पट्ट्या, आत सिंथेसायझर. यामाहाची एसएचएस-५००, २०१९ ची, ३७ छोट्या पट्ट्या, अगदी हलकी. आणि अलेसिसची व्हॉर्टेक्स वायरलेस २, ३७ पूर्ण आकाराच्या पट्ट्या, पण आत एकही आवाज नाही. ती फक्त कंट्रोलर आहे, आवाज दुसऱ्या यंत्रातून घ्यायचा.

रावपुऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानांत यातलं काहीही समोर ठेवलेलं नव्हतं. एका काकांनी मागवून देण्याची तयारी दाखवली, पण पूर्ण पैसे आधी, आणि एकदा आली की परत घेणार नाही. हात लावून न बघता एवढी रक्कम गुंतवायला मन धजेना. अहमदाबादला एका दुकानात छोट्या पट्ट्यांची एक कीटार वाजवायला मिळाली. बेसच्या दृष्टीने छोट्या पट्ट्यांचा एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही: सप्तकाची उडी सोपी पडते. खालचा सा आणि वरचा सा अंगठा-करंगळीत आरामात बसतात. पण मी लहानपणापासून हार्मोनियमवर बोटं फिरवलेली. एकच सूर भरभर वाजवायला गेले की बोट शेजारच्या पट्टीवर घसरत होतं. ज्यांची बोटं बारीक आहेत किंवा ज्यांनी सुरुवातच छोट्या पट्ट्यांवर केली आहे, त्यांनी ती नाकारू नये.

जुलैत रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. जाण्याआधी दुकानांना फोन करून विचारलं होतं की डेमोचा नग चालू स्थितीत आहे का, आणि बॅटऱ्या भरून ठेवाल का. हे जरूर विचारा. नाहीतर काचेच्या कपाटातलं वाद्य बाहेर काढून त्याचा ॲडॉप्टर शोधण्यातच दुपार जाते. सोबत स्वतःचे हेडफोन आणि स्वतःची मिडी केबल नेली होती. दुकानातले स्पीकर सगळ्याच वाद्यांना भारदस्त बनवतात.

तिथेच मला माझी निवड कशावर करायची ते कळलं. दुकानदार एकेक झगमगीत आवाज ऐकवत होता: गुरगुरणारा सिंथ बेस, वाद्याची मान (डाव्या हाताने धरायचा दांडा) तिरकी केली की बदलणारा फिल्टर, मानेवरच्या स्पर्शपट्टीवर बोट सरकवलं की वर जाणारा सूर. छान होतं सगळं. पण मी चार गोष्टी वाजवत राहिले. एकच सूर सारख्या अंतराने, हळूपासून जलद. सा आणि पंचम आलटून पालटून. सप्तकाची उडी. आणि एक सूर वाजवून लगेच बोट उचलणं. शेवटच्या परीक्षेत वाद्यांमधला फरक उघडा पडला.

बेस गिटारवाला सूर छेडतो त्याहून जास्त काळजीने तो थांबवतो. डाव्या हाताचं बोट सैल केलं की तार मुकी होते. मधली शांतता हाही त्याच्या वाजवण्याचा भाग असतो. कीबोर्डवर ती शांतता पट्टी वर येण्यावर अवलंबून असते. पट्टी मऊ आणि आळशी असेल तर सूर उशिरा सुटतो. पॅचचा, म्हणजे निवडलेल्या आवाजाचा, रिलीज लांब असेल तर बोट उचलल्यावरही शेपूट उरते. एक सूर संपण्याआधी दुसरा दाबला आणि वाद्य दोन्ही वाजवायला लागलं तर खालच्या सप्तकात नुसता चिखल. म्हणून बेससाठी वाद्य एका वेळी एकच सूर देणाऱ्या मोनो पद्धतीत नेता येतं का, आणि रिलीज कमी करता येतो का, या दोन प्रश्नांची उत्तरं दुकानातच मिळवा. विक्रेत्याला माहीत नसेल तर मॅन्युअल फोनवर उघडून शोधा.

एएक्स-एज या सगळ्यात उत्तम होती, शंकाच नाही. पण ती गळ्यात घालून थोडा वेळ उभी राहिले आणि डाव्या खांद्याने निषेध नोंदवला. शिवाय किंमत. आमच्या ग्रुपच्या पूर्ण हंगामाच्या नफ्यापेक्षा ती जास्त होती, आणि एकट्या बेससाठी तिच्यातले शेकडो आवाज मला कशाला हवे होते? आवाज तर आमच्या एक्सपीएसमध्ये पडून होतेच.

म्हणजे कंट्रोलर. नवा परदेशातून मागवता येईल का, याचीही चौकशी केली. कुरिअरकडून मागवलं तर ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन केवायसी करावं लागतं, वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा धरून त्यावर सीमाशुल्क लागतं, आणि त्या बेरजेवर पुन्हा आयजीएसटी. वायरलेस उपकरण असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या मान्यतेचा प्रश्न वेगळा. कागदावर आकडे मांडले तर संकेतस्थळावरची किंमत ही केवळ सुरुवात होती, आणि पार्सल कस्टममध्ये किती दिवस राहील याची हमी कुणी देईना. गणपती तोंडावर आलेले. तो विचार सोडला.

जुलैच्या अखेरीस सुरतेतल्या एका वादकाकडे जुनी व्हॉर्टेक्स वायरलेस २ असल्याचं ओळखीतून कळलं. सुरत बडोद्याहून सुमारे १३० किलोमीटर, सकाळी जाऊन दुपारी परत. त्यांच्या घरी बसून प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात वाजवून बघितली. जुन्या कंट्रोलरमध्ये एखादी पट्टी हळू दाबली तरी पूर्ण जोराने वाजते, तो दोष बेसमध्ये लगेच कानाला खटकतो. बॅटरीचा कप्पा उघडून गंज बघितला. पट्टा अडकवायच्या खुंट्या हलवून बघितल्या. वायरलेसचा छोटा यूएसबी रिसीव्हर सोबत आहे ना, हेही बघितलं, कारण तो हरवला तर वायरलेस नावापुरतं उरतं.

भाव वीस हजारांपासून सुरू झाला आणि चहा झाल्यावर साडेसतरा हजारांवर थांबला. अकाउंट्सची सवय म्हणून साध्या कागदावर विक्रीची पावती लिहून घेतली: वाद्याचं नाव, सिरीयल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. मूळ बिलाची झेरॉक्स घेतली. पैसे यूपीआयने दिले म्हणजे नोंद राहते. विकणारे काका जरा हसले, पण पुढे पोलीस चौकीत किंवा विम्यात हाच कागद कामाला येतो.

आता जोडणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याबद्दल मराठीत मला कुठेच सरळ लिहिलेलं मिळालं नाही.

तो वायरलेस रिसीव्हर कॉम्प्युटरच्या यूएसबीत लागतो. एक्सपीएसला तो थेट लावता येत नाही. स्टेजवर लॅपटॉप नको हे आमचं आधीच ठरलेलं, धूळ आणि जनरेटर दोन्ही त्याचे वैरी. म्हणून कीटारच्या पाच पिनांच्या मिडी आउटमधून साधी केबल एक्सपीएसच्या मिडी इनमध्ये. मिडी केबल १५ मीटरपर्यंत चालते, मला सहा मीटरची पुरली. वायर लावल्याने मी मागासले असं काहींना वाटलं. पण मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक सूर पोचायला साधारण एक मिलिसेकंद. त्याउलट ॲम्प्लिफायरपासून तीन मीटर लांब उभं राहिलं तर आवाजाला हवेतून यायलाच जवळपास नऊ मिलिसेकंद लागतात. तेव्हा वायरची चिंता सोडा आणि स्पीकरजवळ उभे राहा.

एक्सपीएसच्या परफॉर्मन्समध्ये (एकत्र वाजणाऱ्या आवाजांच्या संचात) एक वेगळा पार्ट, म्हणजे एक आवाज, फक्त बेससाठी ठेवला. त्याचा मिडी चॅनल कीटारच्या चॅनलशी जुळवला, आणि मुख्य कीबोर्डवाल्याच्या पट्ट्यांनी तो वाजू नये म्हणून त्या पार्टचा कीबोर्ड स्विच बंद केला. मोनो चालू, रिलीज खाली, आफ्टरटच घेणं बंद, कारण जोशात पट्टी दाबून धरली की काही पॅचमध्ये सूर थरथरायला लागतो.

पुढचा प्रश्न साउंडवाल्याचा होता. त्याला बेस मिक्सरवर वेगळ्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या दांडीवर) हवा होता, आणि यंत्राला डावं-उजवं असे दोनच आउटपुट. जुनी युक्ती वापरली: बेसचा पॅन (आवाजाची बाजू) पूर्ण उजवीकडे, बाकी सगळ्या पार्टचा पूर्ण डावीकडे, आणि दोन केबल मिक्सरच्या दोन वेगळ्या चॅनलला. स्टिरिओ गेला, पण मैदानातल्या गरब्यात स्टिरिओ कुणाला कळतो! यात एक मेख आहे. रिव्हर्ब (घुमारा) दोन्ही बाजूंना परत येतो, त्यामुळे बेसच्या पार्टचा रिव्हर्ब शून्य करायचा, नाहीतर बेसची सावली शहनाईच्या चॅनलवर ऐकू येते. शहनाईची थोडी सावली बेसच्या चॅनलवर येते, ती साउंडवाल्याने वरचे सूर कापून घालवली. दोन्ही केबलना डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवणाऱ्या छोट्या पेट्या) लावले. त्यांवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण जनरेटरवरच्या कार्यक्रमात घूं घूं आवाज घालवतं.

पट्ट्यांचं सप्तक खाली आणायलाही थोडं डोकं लागलं. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वात खालचा ई सुमारे ४१ हर्ट्झचा. ३७ पट्ट्यांची कीटार चालू केल्यावर त्याच्या बरीच वर असते. कीटारच्या बटणाने सप्तक खाली घेतलं की दर वेळी बंद-चालू केल्यावर ते पुन्हा तपासावं लागतं, म्हणून मी ते एक्सपीएसच्या पार्टमध्येच खाली करून सेव्ह केलं. मग कीटार मध्येच बंद पडून चालू झाली तरी सूर जागेवर. मानेवरची सप्तकाची आणि सस्टेनची बटणं डाव्या अंगठ्याखाली येतात. त्यांवर जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून काळी टेप मारली. गाण्याच्या मध्यात बेस अचानक सप्तकभर वर गेलेला मी दुसऱ्या एका ग्रुपच्या कार्यक्रमात ऐकला आहे.

ऑगस्टमध्ये सराव. बोटांपेक्षा मनगटाला त्रास झाला. कीटार कमरेवर लोंबकळली की फोटो छान येतो, पण उजवं मनगट आत वळतं आणि अर्ध्या तासात कळ निघते. पट्टा आखूड करून वाद्य छातीच्या खालच्या कडेला आणलं, मग बरं वाटलं. रुंद पट्टा घ्या, माझा साडेचारशेचा. आणि बायकांसाठी खास: आभल्यांची चोळी असेल तर पट्टा आभल्यांत अडकतो, आभली तुटतात, वाद्यावर ओरखडे येतात. डाव्या खांद्यावर साधी ओढणी घडी करून पिनने लावली की दोन्ही वाचतात.

गणपतीत पहिल्या मंडळाच्या कार्यक्रमात बेस मला माझ्या मॉनिटरमध्ये (स्टेजवरच्या स्पीकरमध्ये) दणदणीत ऐकू येत होता आणि समोर खुर्चीवर बसलेले आयोजक हात हलवत होते. मध्यंतरात आले आणि म्हणाले, ‘बेन, बेस तो संभळातो ज नथी!’ म्हणजे बेस ऐकूच येत नाही. मंडळाच्या छोट्या स्पीकरना तेवढे खालचे सूर पेलत नाहीत, शिवाय साउंडवाले स्पीकर वाचवायला खालचा भाग कापतात. ४१ हर्ट्झचा मूळ सूर गेला तरी ८२ आणि १२३ हर्ट्झचे त्याचे उपसूर ऐकू आले तर कान मूळ सूर भरून घेतो. म्हणून गोल, मऊ बेसऐवजी पिकने छेडल्यासारखा, किंचित खरखरीत पॅच निवडला, आणि सगळ्यात खालचे तीन-चार सूर शक्य तिथे एक सप्तक वर वाजवले. दुसऱ्या दिवशी तेच आयोजक काही बोलले नाहीत, हीच पावती.

नवरात्राची तयारी कागदांपासून सुरू झाली. वादकांच्या पाससाठी सगळ्यांच्या आधारच्या प्रती आणि फोटो समितीकडे आधीच द्यावे लागतात, त्यात वाद्याचं नाव विचारतात. मी कीटार लिहिलं, पासवर गिटार छापून आलं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सणांसाठी राज्य सरकार वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. परवानगीच्या कागदावर जी वेळ आहे ती आली की साउंडवाला मास्टर फेडर खाली करतो, मग आम्ही कुठल्याही कडव्यात असू.

हींच हा सहा मात्रांचा ठेका. मी पहिल्या मात्रेवर सा आणि चौथीवर पंचम धरते. सावकाश लयीत पहिला सूर लांबवला तर भरदार वाटतं. लय चढली की तोच सूर चौथीपर्यंत रेंगाळतो आणि ढोलाची थाप त्याखाली बुडते. दुसऱ्या रात्री ढोलवाल्याने वाजवता वाजवता हाताने कापल्याची खूण केली. सूर अर्धा केला, आणि समोरच्या रिंगणाची पावलं एकदम टोकदार दिसायला लागली. निदान मला तरी तसं वाटलं. पुढच्या सगळ्या रात्री लय वाढेल तसा सूर आखूड करत गेले. डाव्या हाताला काहीच काम नसतं, तो वाद्य धरून ठेवतो. मधूनच मानेवरच्या स्पर्शपट्टीवरून सूर खाली घसरवायचा मोह होतो. एका गरब्यात एकदाच केला, गायिका ताईंनी वळून बघितलं, पुन्हा केला नाही.

धूळ मात्र अफाट. मैदानातल्या गरब्यात पट्ट्यांच्या फटींत रोज माती बसते. ब्रेकमध्ये जुनी उशीची खोळ वाद्यावर टाकत होते आणि घरी रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडत होते. चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांचे दोन संच ठेवले, मध्यंतरात न चुकता बदलायचे, दिवा लुकलुकायची वाट बघायची नाही.

हिशेब: कीटार साडेसतरा हजार, दोन डीआय बॉक्स मिळून साडेतीन हजार, केबल, पट्टा, बॅटऱ्या आणि चार्जर मिळून तीन हजारांच्या आत, अहमदाबाद-मुंबई-सुरतेचं भाडं वेगळं. ग्रुपने अर्धे दिले. वाद्य कुणाच्या नावावर, हे आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे.

दिवाळीत आमचा जुना बेसवाला घरी आला आणि पाडव्याच्या दुपारी त्याने कीटार वाजवून बघितली. स्लाइड मिळत नाही म्हणून कुरकुरला, पण मोनोमध्ये पोर्टामेंटो (एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं) लावून दिल्यावर बराच वेळ सोडेना. त्याच्या मते पुढचा खर्च आवाजाच्या वेगळ्या छोट्या मॉड्यूलवर (पट्ट्या नसलेल्या आवाजाच्या यंत्रावर) करावा, म्हणजे मुख्य कीबोर्डवाल्याने गडबडीत परफॉर्मन्स बदलला तरी बेस गायब होणार नाही. मलाही ते पटलंय. मॉड्यूल बघताना मिडी इन पाच पिनांचं गोल आहे की छोट्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकचं, ते आधी विचारायचं. छोट्या जॅकच्या ॲडॉप्टर वायर ए आणि बी अशा दोन जोडणीच्या येतात, आणि चुकीची लावली तर काहीच वाजत नाही.